रिकामी होडी

मोठ्या वस्तूंच्या नाशाला इतिहासकार मिळतो, कवि मिळतो, निदान वर्तमानपत्राचा एक स्तंभ तरी मिळतो. जहाज बुडालें तर त्याचें नांव शाळेंतल्या मुलांना पाठ होतें. परंतु जहाजाच्या पाठीमागें दोरानें बांधलेली लहान होडी रात्रींतून सुटून गेली, तर त्या गोष्टीची वासलात एका शिवींत लागते. मोठें तें राहिलें, लहान तें गेलें. त्यांत एवढें काय मोठेंसें, असा आपला एकंदर हिशेब असतो. हा हिशेब किती कच्चा आहे हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें एकदां भर खाडींत नांगरलेल्या मचव्यावर पहांटे जागें व्हावें, वळून पाठीमागें पाहावें, आणि जेथें होडी असावयाची तेथें त्याला नुसतें पाणी दिसावें.

घर दोनशें हातांवर दिसत असतें. चुलीचा धूर दिसतो, कुत्रें भुंकलेलें ऐकूं येतें. पण तेथें जाण्याचा मार्ग नाहींसा झालेला असतो. कोंकणांतील खाड्यांना ओहोटी लागली म्हणजे कांठ दूर सरकतो आणि मध्यें मांडीभर चिखलाचा पट्टा उघडा पडतो. म्हणून मचवा खोल पाण्यांत नांगरून ठेवावा लागतो. मग त्यावरून माणसें उतरावयाचीं तीं होडींतून, पिण्याचें पाणी चढवावयाचें तें होडींतून, मासळीच्या टोपल्या न्यावयाच्या त्या होडींतून; आणि मचवा गाळांत रुतला तर नांगर लांब नेऊन टाकावयाचा, तोहि होडींतूनच. मचवा समुद्राशीं स्वतः बोलतो. जमिनीशीं बोलावयाचें तर त्याला होडीच्या तोंडानें बोलावें लागतें. ती गेली कीं एवढा थोरला मचवा मुका होतो.

जोशुआ स्लोकम नांवाच्या दर्यावर्दी गृहस्थानें १८९५ ते १८९८ या काळांत ‘स्प्रे’ या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा एकट्यानें करणारा तो पहिला मनुष्य. त्याच्या नौकेवर पुरती होडी मावेना, तेव्हां त्यानें एक टाकाऊ होडी विकत घेतली, करवतीनें ती मधोमध आडवी कापली, आणि कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकून ती अर्धी होडी बरोबर घेतली. तींत तो कपडे धुई आणि आंघोळहि करी. ऐकणाऱ्याला हा विनोद वाटतो. पण १८९५ च्या अखेरीस उरुग्वेच्या किनाऱ्याशीं ‘स्प्रे’ वाळूवर चढली, तेव्हां नांगर खोल पाण्यांत नेऊन टाकावयास तीच अर्धी होडी कामास आली. नांगर पडला, होडी उलटली. आणि ज्यानें सारें जग पालथें घालण्याचा विडा उचलला होता त्याला त्या क्षणीं आठवलें कीं आपल्याला पोहतां येत नाहीं. त्या उलट्या होडीलाच चिकटून तो वांचला. याच्या उलट बाजूचें उदाहरण शॅकल्टनचें. १९१५ सालीं दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फानें त्याचें जहाज चिरडून टाकलें. पण जहाजाच्या होड्या उरल्या. त्यांपैकीं जेमतेम तेवीस फुटांची एक होडी घेऊन सहा माणसांनीं १९१६ सालीं सुमारें आठशें सागरी मैलांचा तो भयंकर समुद्र ओलांडला, आणि मागें राहिलेल्या बावीस माणसांचीहि त्यामुळें सुटका झाली. जहाज जाऊन होडी राहिली, तर अठ्ठावीस जीव राहतात. मोठें कोणतें आणि लहान कोणतें, हें फूटपट्टीनें ठरवूं नये तें यासाठीं.

इंग्रजींत या होडीला ‘डिंगी’ म्हणतात. ज्याच्या आयुष्याचें पाव शतक इंग्रजी शिकविण्यांत गेलें त्याला हा शब्द उच्चारतांना मनांतल्या मनांत हसूं येतें. कारण हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. तो त्यांनीं आपल्या देशांतील नद्यांवरून, हिंदी-बंगाली नावाड्यांच्या तोंडून उचलला. आपली ‘डोणी’ संस्कृत ‘द्रोणी’पासून निघाली आणि घरींच राहिली, ही तिची शेजारीण मात्र दोर सोडून सातासमुद्रांपलीकडे गेली, आणि आतां टोपी घालून परत आली आहे. ती हरवली तेव्हां कोणीं तिचा शोध केला नाहीं, आणि ती सांपडली तेव्हां कोणीं तिला ओळखलें नाहीं. परंतु शब्दांचें हरवणें निरुपद्रवी असतें. होडीचें तसें नाहीं.

होडी वादळांत हरवते अशी आपली समजूत असते. अनुभव असा कीं वादळांत ती सहसा हरवत नाहीं. कारण वादळांत सगळे जागे असतात. ती हरवते शांत रात्रीं, तारे निवळलेले असतां, जेवणें झाल्यावर, कोणाच्या तरी आळसावलेल्या हातानें मारलेल्या एका गांठीमुळें. भरती सुमारें सहा तास चढते, तितकाच वेळ ओहोटी उतरते, आणि दर दिवसाला हा सारा खेळ सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकतो. पाण्याचा ओघ फिरला कीं मचवा नांगराभोवतीं फिरतो, आणि होडी मचव्याभोवतीं. दोराला एकदां या बाजूनें हिसका, एकदां त्या बाजूनें. रात्रभर कोणी तरी ती गांठ सोडविण्याचा सावकाश प्रयत्न करीत बसावें, तसा हा प्रकार आहे. पूर्वींचा काथ्याचा दोर खरखरीत असे; तो स्वतःच स्वतःला धरून ठेवी. हल्लींचा नायलॉनचा दोर बळकट खरा, पण गुळगुळीत. ज्या गांठीवर आजोबा निर्धास्त झोंपत त्याच गांठीवर नातवाची होडी जाते. म्हणून जाणते लोक दोन दोर बांधतात आणि ते दोन निराळ्या ठिकाणीं बांधतात. दुसरा दोर हा पहिल्याचा अपमान नव्हे. रात्र आपल्याहून अधिक वेळ जागी असते, याची ती कबुली आहे.

बरें, इतकेंहि करून होडी गेली. आतां काय करावें?

प्रथम जें करूं नये तें सांगणें अवश्य आहे. होडी सुटलेली दिसतांच पहिली ऊर्मि येते ती उडी मारण्याची. ती अगदीं जवळ दिसते. वीस हात, फार तर तीस. पोहतां येणाऱ्या माणसाला तीस हात म्हणजे काय? परंतु तो तीस हात जाईपर्यंत होडीहि तीस हात गेलेली असते. रिकामी होडी पाण्यांत फार थोडी बुडते. तिचा बहुतेक भाग वर असतो, आणि त्या भागाला वारा शिडाप्रमाणें धरतो. बऱ्यापैकीं पोहणारा मनुष्य ताज्या दमाचा असतां तासाला तीन किलोमीटरांच्या आसपास जाईल. चांगला वारा भरला असतां होडीहि तितकें जाऊं शकते. फरक एवढाच कीं ती दमत नाहीं. शिवाय ती दर क्षणीं जवळच दिसत राहते, आणि मागें फिरण्याची वेळ केव्हां टळून गेली हें पोहणाऱ्याला कळत नाहीं. मृगजळाच्या पाठीं लागलेलें हरिण निदान जमिनीवर तरी पडतें. तेव्हां उडी मारूं नये. आणि जो मारूं पाहील त्याचा हात धरावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. शेवटीं होडी केव्हां पाहिली होती, तेव्हांपासून पाणी कोणत्या दिशेनें वाहत होतें, वारा कोठून होता, हें आठवून ठेवावें; शक्य तर लिहून ठेवावें, कारण अर्ध्या तासानें चार माणसें चार निराळ्या गोष्टी शपथेवर सांगूं लागतात. हलकी, कोरडी होडी मुख्यत्वें वाऱ्याचें ऐकते. पाणी भरून जड झालेली होडी ओघाचें ऐकते. म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडच्या कांठाचे कोपरे, तिवरांची झाडी, खडकांच्या आडच्या जागा पहिल्यानें पाहाव्या; तेथें ती नसेल तर ओघाची वाट धरावी. समुद्र वस्तू नेतो तो वाटेल तसा नेत नाहीं. त्याच्या घरांतही नेहमीच्या जागा ठरलेल्या असतात, आणि कोळ्यांच्या म्हाताऱ्यांना त्या ठाऊक असतात.

परंतु या दोहोंच्याहि आधीं करावयाची एक गोष्ट आहे. ती कोणाला सुचत नाहीं, कारण होडी मिळविण्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ती मी पुस्तकांतून शिकलों नाहीं.

माझें आजोळ रत्नागिरीच्या दक्षिणेस एका खाडीच्या कांठीं आहे. मी कॉलेजांत असतां मे महिन्याच्या सुटींत तेथें गेलों होतों. त्या वेळीं खाडीच्या मध्यावर एक मचवा नांगरलेला होता. त्यावर एक वृद्ध तांडेल आणि दोन तरुण खलाशी, असे तिघे जण रात्रीं झोंपले होते. रात्रीं दहाच्या सुमारास भरती लागली आणि केव्हां तरी होडीचा दोर सुटला. होडी भरतीबरोबर खाडीच्या आंतल्या बाजूस गेली आणि पलीकडच्या तिवरांत अडकली. रात्रीं दोनच्या सुमारास बत्ती घेऊन खेकडे धरावयास गेलेल्या दोघांना ती सांपडली. होडींत एक सदरा होता. उकाडा होत होता म्हणून संध्याकाळीं एका खलाशानें तो काढून ठेवला होता, आणि मग तो तेथेंच राहिला होता.

आतां आपण त्या दोघांच्या जागीं उभे राहून पाहावें. काळोखी रात्र, रिकामी होडी, आणि तींत माणसाचा सदरा. मचवा लांब, त्यावर दिवा नाहीं. हांक मारली तर वाऱ्यांत विरून जाते. ज्यानें हें पाहून स्वस्थ घरीं जाऊन झोंप घेतली असती त्याला आपण काय म्हटलें असतें? त्यांनीं गांव जागा केला. सदरा एका आईनें ओळखला. चारच्या सुमारास भरती संपून ओहोटी लागली, तेव्हां जाणत्यांनीं तर्क केला कीं बुडालेला मनुष्य आतां मुखाकडे ओढला जाणार. आणि चार माणसें दुसऱ्या होडींतून मुखाकडे निघाली. खाडीच्या मुखाशीं वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीचें पाणी बाहेर धांवत असतें, समुद्राची लाट आंत येत असते, आणि त्या उथळ जागेवर दोघांची गांठ पडते. दिवसाढवळ्याहि तेथून जातांना नावाडी बोलणें थांबवितो. त्या काळोखांत तेथें ती होडी उलटली. जे चौघे मेलेल्या माणसांना शोधावयास निघाले होते ते उलट्या होडीला धरून दीड तास मृत्यूच्या तोंडाशीं लोंबकळत राहिले; आणि ज्यांच्यासाठीं ते निघाले होते ते तिघे मचव्यावर घोरत होते.

पहांटे तांडेल उठला. होडी नाहीं हें त्यानें पाहिलें. एक खलाशी उडी मारण्याच्या बेतांत होता. त्याचें मनगट त्यानें धरलें. मग त्यानें कांठाकडे पाहिलें. इतक्या पहांटे कांठावर एवढीं माणसें, एवढ्या बत्त्या! तो क्षणांत समजला. होडी कोणीकडे गेली असेल याचा विचार त्यानें केलाच नाहीं. “उभे रवा रे सगळे!” असें तो ओरडला, आणि दोघांना त्यानें मचव्याच्या कडेला, आपल्यापासून एकेक हात अंतरावर, सरळ उभें केलें; एकानें दुसऱ्याच्या आड येऊं नये, कांठावरून तीन डोकीं निरनिराळीं मोजतां आलीं पाहिजेत, असें त्यांना बजावलें; आणि वल्ह्याला पांढरें धोतर बांधून तें तो हलवूं लागला. मी मामांबरोबर कांठावर उभा होतों. उजाडत्या धूसर प्रकाशांत तीं तीन माणसें दिसलीं, आणि सगळा जमाव एकाच वेळीं मोजूं लागला: एक, दोन, तीन. पुन्हां एकदां: एक, दोन, तीन. इतकें लहान गणित इतक्या मोठ्या जमावानें इतक्या आवाजानें केलेलें मीं पुन्हां कधीं ऐकलें नाहीं. शोधासाठीं निघण्याच्या बेतांत असलेल्या आणखी दोन होड्या तेथल्या तेथें थांबल्या. मुखाशीं लोंबकळणाऱ्या चौघांना मासेमारीहून परतणाऱ्या एका नौकेनें उचललें. चौघेहि वांचले, त्यांतला एक महिनाभर अंथरुणाला खिळला होता. ज्या आईनें सदरा ओळखला होता ती, मुलगा कांठावर उतरला तेव्हां, रडली नाहीं. सदरा होडींत कां टाकलास, एवढेंच तिनें त्याला विचारलें, आणि तो सदरा त्याच्या अंगावर फेंकला.

पुढें मीं त्या तांडेलाला विचारलें कीं, होडीच्या आधीं तुम्हांला माणसें मोजून दाखवावीं असें कसें सुचलें? त्याचें उत्तर मीं जन्मभर जपून ठेविलें आहे. तो म्हणाला कीं होडी गेली तर आपली गेली. पण ती रिकामी जाते ना, ती वाटेंत भेटेल त्याला आपण मेलों म्हणून सांगत जाते. तिच्या आधीं आपण सांगितलें पाहिजे.

या एका वाक्यांत सगळें शास्त्र आहे. हरवलेली छत्री कोणाला कांहीं सांगत नाहीं. पण रिकामी होडी बोलते. आणि तिला एकच वाक्य येतें. जाणता माणूस तिची उलटतपासणी थोडीफार करूं शकतो. वल्हीं आंत नीट एका बाजूस ठेवलेलीं असतील तर ती बहुधा उभी असतां सुटली. दोराचें टोंक अखंड असेल तर गांठ सुटली, झिजून तंतु बाहेर आले असतील तर घासून तुटला, आणि सपाट कापलेलें असेल तर तें काम समुद्राचें नव्हे, माणसाचें. परंतु हें सारें ‘बहुधा’ आहे. कोणाचा तरी जीव पाण्यांत असण्याचा संभव असतां ‘बहुधा’वर विसंबून घरीं जाणारा मनुष्य शहाणा असेल, पण शेजारी म्हणून तो नको. खात्री होडी देऊं शकत नाहीं. ती फक्त होडीचा मालक देऊं शकतो. आणि म्हणूनच ती देणें हें त्याचें पहिलें काम.

हें खेडेगांवापुरतें आहे असें समजूं नये. १८ ऑगस्ट २०२२ रोजीं, दहीहंडीच्या आदल्या दिवशीं, रायगड जिल्ह्यांत हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ‘लेडी हान’ नांवाची एक निर्मनुष्य नौका येऊन लागली. तींत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसें सांपडलीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर चालून आलेले दहा जण कुलाब्याच्या मच्छीमारांच्या वस्तीजवळ रबरी होडींतूनच उतरले होते. ती आठवण ज्या किनाऱ्याच्या उरांत आहे त्यानें या नौकेकडे पाहून काय समजावें? जिल्हाभर नाकेबंदी झाली. पुढें त्याच दिवशीं तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं विधानसभेंत सांगितलें कीं, ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची. मस्कतहून युरोपकडे जात असतां २६ जून रोजीं तिचें इंजिन बंद पडलें, तीवरील माणसांना एका कोरियन युद्धनौकेनें वांचविलें, आणि खवळलेल्या समुद्रामुळें नौका मात्र ओढून नेतां आली नाहीं. म्हणजे माणसें जवळजवळ दोन महिन्यांपूर्वींच सुखरूप होतीं. आणि त्यांची रिकामी नौका अरबी समुद्र ओलांडून, वाऱ्याबरोबर, आपलें तें एकच वाक्य घेऊन आमच्या दारीं आली होती. नव्या काळानें त्या वाक्याला दुसरा अर्थ दिला आहे, इतकेंच. पूर्वीं रिकामी होडी पाहून लोक म्हणत, कोण बुडालें? आतां आधीं विचारतात, कोण उतरलें?

आणि याच किनाऱ्यानें उलट बाजूहि पाहिली आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मुंबई तेथून दूर नव्हती. पण दुपार टळेपर्यंत तिला कांहीं ठाऊक नव्हतें. पाण्यांतून कसेबसे बाहेर पडलेल्या माणसांनींच ती बातमी कांठाला आणली. एके ठिकाणीं कोणी मेलें नव्हतें आणि सारा किनारा हादरला. दुसऱ्या ठिकाणीं शेंकडों जात होते आणि किनारा आपल्या रोजच्या व्यवहारांत होता. समुद्र स्वतः होऊन खरें सांगत नाहीं. तो होडी पाठवितो किंवा कांहींच पाठवीत नाहीं. अर्थ लावण्याचें काम कांठावरच्यांवर पडतें, आणि ते बिचारे आपल्या भीतीच्या कोशांतून अर्थ काढतात.

म्हणूनच इंग्लंडच्या किनाऱ्यावर नौकेची डिंगी हरवली तर ती मिळो वा न मिळो, तटरक्षकांना कळवावें, अशी शिकवण आहे: अशा रंगाची, एवढ्या लांबीची होडी अमुक वाजतां सुटली, तींत कोणी नव्हतें. शेवटचे तीन शब्द हे त्या निरोपाचें सार. नाहीं तर कोणी तरी ती पाहील, विमान उडेल, जीवरक्षक नौका निघेल, आणि कांहीं माणसें आपला जीव धोक्यांत घालून, ज्यांना शोधावयाचें कारण नाहीं अशांना शोधीत राहतील. आपल्याकडे १९७८ सालीं कायद्यानें तटरक्षक दलाची स्थापना झाली आणि समुद्रांतील संकटासाठीं १५५४ हा दूरध्वनि आहे. खाडींत जवळचें पोलीस ठाणें आणि कोळीवाडा आहे. आतां प्रत्येक खलाशाच्या खिशांत फोन असतो. वल्ह्याला धोतर बांधण्याची गरज उरलेली नाहीं. पण साधन हातीं आल्यानें सुचतें असें थोडेंच आहे? आणि होडी सांपडली तर तेंहि तितक्याच तत्परतेनें कळवावें. पुष्कळ लोक हरवल्याची बातमी धांवत देतात, आणि सांपडल्याची देण्यास विसरतात. त्यामुळें जगांत कितीतरी शोध अजून उगाच चालू असतील.

आणखी एक साधी तजवीज आहे. होडीवर तिच्या मोठ्या नौकेचें नांव रंगवून ठेवावें. इंग्रजांच्या डिंगीवर ‘अमक्या नौकेची होडी’ एवढेंच लिहिलेलें असतें. तिला स्वतःचें नांव नसतें, सासरचेंच असतें म्हणाना. त्या दोन शब्दांनीं रिकाम्या होडीला दुसरें एक वाक्य बोलतां येऊं लागतें: मी अमक्यांची; त्यांना विचारा. जुन्या मराठी लेखनांत ‘नाव’ आणि ‘नांव’ यांत केवळ एका टिंबाचें अंतर असे. नव्या नियमांनीं तें टिंबहि गेलें आणि दोहोंचें रूप एकच झालें. मी आजोळच्या वळणानें तें अजून देतों. कारण नाव निराळी आणि नांव निराळें, आणि नांव नसलेली नाव सुटली म्हणजे केवढा गोंधळ होतो, हें मीं पाहिलें आहे.

विचार करूं लागलों म्हणजे वाटतें कीं, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या मागें अशी एखादी होडी बांधलेली असते. नेहमीच्या वेळीं येणारा मुलगा येत नाहीं, दर रविवारीं येणारा फोन येत नाहीं, वाड्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा सकाळचा दिवा एके दिवशीं लागत नाहीं. आंत कांहींहि झालेलें नसतें. नुसती गांठ सुटलेली असते. मुलगा मित्राकडे बसलेला असतो, फोन दुरुस्तीला गेलेला असतो, म्हातारे उशिरां उठलेले असतात. पण ती रिकामी जागा बाहेर पडते आणि भेटेल त्याला सांगत सुटते. आणि कोणी तरी काळजीनें अर्धें होऊन काळोखांत मुखाकडे निघतें. सुटलेल्याला याची कल्पना नसते. तो घोरत असतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाहीं. पण जागा झाल्यावर त्यानें पहिल्यानें काय शोधावें हें मात्र त्याला सांगितलें पाहिजे.

आपल्या वाडवडिलांना हें ठाऊक होतें. त्यांचीं पत्रें आपण जुन्या दप्तरांत पाहतों आणि त्यांच्या ठराविक मायन्याला हंसतों. मजकूर लग्नाचा असो, शेतसाऱ्याचा असो कीं भांडणाचा असो, आरंभीं एक ओळ ठरलेली: येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावें. विद्यार्थी असतांना ती ओळ मला निव्वळ शिष्टाचाराची भरती वाटे. पण पत्र पंधरा दिवसांनीं पोंचणार, वाटेंत नद्या, पटकी, चोर. घरच्यांनीं तें हातांत घेतलें कीं त्यांची छाती धडधडणार. अशा वेळीं लिहिणारा म्हणतो: थांबा, आधीं माणसें मोजून घ्या, आम्ही सगळे आहों. मग काय हरवलें तें सांगतों. त्या मायन्यांत तोच मचव्याच्या कडेला उभा राहिलेला तांडेल आहे. आपण मायना टाकून दिला आणि एकदम मजकुरावर येऊं लागलों. कागद वांचला, वेळ वांचला. घरांतल्या आया मात्र अजून जुन्याच रीतीच्या आहेत. मुलगा परगांवीं निघाला कीं, डबा घेतलास का, पैसे घेतलेस का, हें विचारून झाल्यावर त्या दारांतून शेवटचें एक वाक्य सांगतात: पोंचल्याबरोबर कळव.